अमोनियाची जोडी पाण्याशी का लागत नाही?

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. अमोनिया पाण्यात विरघळतो त्या समीकरणात तू ‘अमोनिया आणि पाणी’ ही संयुग्मी जोडी लिहिलीस आणि मार्क गेले, ते का? सल्फ्युरिक आम्लाचा संयुग्मी आम्लारी सल्फेट का नाही? आणि ‘दुर्बल आम्लाचा संयुग्मी आम्लारी तीव्र असतो’ असं वर्गात सांगितलं, तर मग ॲसिटेट तीव्र आम्लारी म्हणायचा का? दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं आणि आता सगळं इंग्रजीतून आहे, हेही लिहिलंयस. तीस-एक वर्षं अकरावी-बारावीला हा भाग शिकवला आहे. तुझ्या तिन्ही चुका इतक्या वेळा तपासल्या आहेत की पेपर न बघता लाल पेन कुठे फिरलं असेल ते सांगू शकतो. समीकरणं इथे नावांनी लिहितो. तू वहीत सूत्रं मांडत वाच.

आधी एका शब्दाबद्दल. ‘आम्लारी’ म्हणजे आम्लाचा अरी, शत्रू. शाळेत हे नाव फार सोयीचं वाटतं: आम्ल आणि आम्लारी भिडतात, एकमेकांना संपवतात, क्षार आणि पाणी उरतं. ‘कॉन्ज्युगेट’ म्हणजे संयुग्मी, ते शिकताना मात्र हेच चित्र आडवं येतं. डोक्यात दोन शत्रू समोरासमोर उभे असतात, आणि ‘जोडी लिही’ म्हटलं की हात आपोआप त्या दोघांनाच जोडतो. तुझंही नेमकं तेच झालं.

समीकरण असं आहे:

अमोनिया + पाणी ⇌ अमोनियम + हायड्रॉक्साइड

इथे घडलं काय? पाण्याने एक प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयन) दिला, अमोनियाने तो घेतला. देवाणघेवाण या दोघांत झाली यात वाद नाही. पण संयुग्मी जोडी देणाऱ्या-घेणाऱ्याची नसते. ती प्रत्येकाच्या आधीच्या आणि नंतरच्या रूपाची असते. तात्यांनी पावसात आपली छत्री अण्णांना दिली असं समज. छत्रीसकट तात्या आणि छत्री दिल्यावरचे भिजलेले तात्या, ही एक जोडी. मोकळ्या हाताचे अण्णा आणि छत्री मिळालेले अण्णा, ही दुसरी. तात्या आणि अण्णा शेजारी असतील, मित्र असतील. आपल्या हिशेबात ती जोडी नव्हे. छत्री ज्याच्याजवळ आहे ते रूप आम्ल, ज्याच्याजवळ नाही ते आम्लारी. म्हणून जोड्या अशा: पाणी (आम्ल) आणि हायड्रॉक्साइड (त्याचा संयुग्मी आम्लारी), अमोनिया (आम्लारी) आणि अमोनियम (त्याचं संयुग्मी आम्ल).

यातून एक पक्की खूण मिळते. जोडीतला एक जण बाणाच्या डावीकडे असतो, दुसरा उजवीकडे. एकाच बाजूचे दोघे तू जोडलेस तर ते चूकच आहे, पुढे तपासायचीही गरज नाही. मी मुलांना वहीत समीकरणाच्या वरून एक कमान आणि खालून एक कमान काढायला लावायचो, दोन्ही बाण ओलांडून जाणाऱ्या. कमान बाण ओलांडत नसेल तर खोडरबर हातात घ्यायचं.

हे असं का, ते कळायला जरा मागे जाऊ. आऱ्हेनिअसच्या १८८४ सालच्या प्रबंधातून पुढे जी व्याख्या रूढ झाली, ती तू नववी-दहावीत शिकलास: पाण्यात हायड्रोजन आयन देतो तो आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देतो तो आम्लारी. अमोनियाने ही व्याख्या अडचणीत आणली. त्याच्या रेणूत हायड्रॉक्साइड मुळातच नाही, मग त्याचं द्रावण आम्लारिधर्मी कसं? व्याख्या वाचवायला ‘अमोनियम हायड्रॉक्साइड’ नावाचं संयुग कल्पिलं गेलं, आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर ते नाव आजही दिसतं. बाटलीत मुख्यतः असतो तो पाण्यात विरघळलेला साधा अमोनियाच. ०.१ मोलार द्रावणात जेमतेम सव्वा टक्का रेणू अमोनियम झालेले असतात. १९२३ मध्ये कोपनहेगनला ब्रॉन्स्टेडने आणि इंग्लंडमध्ये लाउरीने, एकमेकांशी संबंध न येता, गाठ सोडवली: प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. हायड्रॉक्साइड असण्याची अटच गेली. आणि ज्याने प्रोटॉन दिला तो आता परत घेऊ शकतो, म्हणजे देऊन झाल्यावर तो स्वतःच आम्लारी झाला! आम्लाचा अरी बाहेरून आलेला नाही, आम्लाच्याच पोटातून निघालेला आहे.

आता सल्फ्युरिक आम्ल. एका जोडीत फरक एकाच प्रोटॉनचा. दोनचा नाही, अर्ध्याचाही नाही. सल्फ्युरिक आम्लातून एक प्रोटॉन गेला की हायड्रोजनसल्फेट उरतो, वर एक उणे भार घेऊन. तोच संयुग्मी आम्लारी. त्या हायड्रोजनसल्फेटमधून आणखी एक गेला की सल्फेट. म्हणजे सल्फेट हा हायड्रोजनसल्फेटचा संयुग्मी आम्लारी, सल्फ्युरिकचा नव्हे. आजोबा आणि नातू यांचं नातं खरंच असतं, पण त्यांना कुणी बापलेक म्हणत नाही. फॉस्फोरिक आम्लात तर चार पिढ्या आहेत: फॉस्फोरिक आम्ल, डायहायड्रोजन फॉस्फेट, हायड्रोजन फॉस्फेट, फॉस्फेट. जोड्या तीनच, आणि प्रत्येक शेजारच्याशी.

इथे सर्वांत स्वस्तात मार्क जातात ते भारामुळे. प्रोटॉन म्हणजे अधिक एक भार. तो काढला की हायड्रोजन एकने कमी आणि भारही एकने कमी. घातला की दोन्ही एकने जास्त. शून्याचा उणे एक, उणे एकचा उणे दोन, अधिक एकचा शून्य. हायड्रोजन मोजायला सगळ्यांना आठवतं, भार लिहायचा राहतो. फ्लोराइड लिहायचं म्हणून नुसतं फ्लोरिनचं चिन्ह लिहून मोकळे झालेले पेपर मी गठ्ठ्यांनी पाहिलेत. उत्तर लिहिल्यावर दोनच गोष्टी तपास: हायड्रोजनचा फरक एक आहे का, आणि भाराचा फरक त्याच दिशेने एक आहे का.

कुठला हायड्रोजन काढायचा, हाही प्रश्न आहे. ॲसेटिक आम्लात चार हायड्रोजन दिसतात. त्यातले कार्बनवरचे तीन पाण्यात कुणाला दिले जात नाहीत. जातो तो ऑक्सिजनवरचा. फॉस्फरस आम्ल (फॉस्फोरिक नव्हे, नाव नीट वाच) यात तीन हायड्रोजन आहेत, पण एक थेट फॉस्फरसला जोडलेला असल्याने निघतात दोनच. म्हणून त्याचे दोन प्रोटॉन गेल्यावर उरणाऱ्या आयनात एक हायड्रोजन दिसत असला तरी तो आणखी प्रोटॉन देईल असं लिहू नकोस. स्पर्धा परीक्षांना हा सापळा फार आवडतो. सूत्र पाठ करण्यापेक्षा रचना काढायची सवय लाव.

सोडियम हायड्रॉक्साइडचं संयुग्मी आम्ल विचारलं की वर्गात शांतता पसरायची. कुणी ‘सोडियम आयन’ म्हणायचं, कुणी सोडियम हायड्रॉक्साइडला आणखी एक हायड्रोजन चिकटवून कधीच न पाहिलेलं संयुग तयार करायचं. अरे, इथे प्रोटॉन घेणारा फक्त हायड्रॉक्साइड आहे. सोडियम वऱ्हाडी आहे, लग्न त्याचं नाही. त्याला बाजूला बसव आणि हायड्रॉक्साइडला एक प्रोटॉन दे: पाणी. क्षारांच्या बाबतीत आधी आयन सुटे करायचे आणि मग प्रत्येकाला विचारायचं, बाबा तू देणारा की घेणारा.

क्षार शब्द आला म्हणून सांगतो. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत क्षार किंवा क्षारक म्हणजे बेस आणि सॉल्टला ते लवण म्हणतात. तू हिंदी व्हिडिओ पाहतोस असं लिहिलंयस, तेव्हा हा घोळ आताच मिटव.

पाण्याकडे परत येऊ, कारण पाण्याचं वागणं कळलं की निम्मा धडा कळतो. अमोनियापुढे पाण्याने प्रोटॉन दिला, म्हणजे ते आम्ल. तेच पाणी हायड्रोजन क्लोराइडपुढे प्रोटॉन घेतं आणि हायड्रोनियम होतं, म्हणजे ते आम्लारी. घरातली मधली बाई सासूसमोर सून असते आणि सुनेसमोर सासू. ती मुळात कोण, हा प्रश्नच चुकीचा; कुणासमोर, ते आधी सांगा. ‘पाणी आम्ल की आम्लारी’ या प्रश्नाचं उत्तर समीकरण पाहिल्याशिवाय देऊ नकोस. बायकार्बोनेट, हायड्रोजन फॉस्फेट, डायहायड्रोजन फॉस्फेट ही सगळी अशीच मधली मंडळी.

मग नुसत्या पाण्यात टाकलं तर मधल्यांनी कुणीकडे झुकायचं? दोन्ही ओढींची ताकद बघायची, आणि इथेच तुझा तिसरा प्रश्न येतो.

‘दुर्बल आम्लाचा संयुग्मी आम्लारी तीव्र’ हे वाक्य असं सोडून दिलं तर चूक आहे. बरोबर वाक्य असं: आम्ल जितकं दुर्बल, तितका त्याचा संयुग्मी आम्लारी *तुलनेने* तीव्र. ‘तुलनेने’ हा शब्द गाळला की अर्थ पार बदलतो. २५ अंश सेल्सिअसला पाण्यातल्या कुठल्याही जोडीसाठी पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा) आणि पीकेबी (आम्लारीची ताकद सांगणारा) यांची बेरीज १४ असते; आकडा जितका लहान, तितकी ताकद जास्त. ॲसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६. मग ॲसिटेटचा पीकेबी ९.२४. हा आकडा तीव्र आम्लारीचा दिसतो का? अमोनियाचा ४.७५ आहे, आणि अमोनियालाही आपण दुर्बलच म्हणतो. ०.१ मोलार सोडियम ॲसिटेटचा पीएच साधारण ८.९ येतो, तेवढ्याच संहतीच्या सोडियम हायड्रॉक्साइडचा १३. हायड्रॉक्साइडच्या प्रमाणात हा फरक सुमारे १३ हजार पटींचा आहे. तेव्हा ॲसिटेट दुर्बल आम्लारी. दुर्बलाचा जोडीदार बहुतेक वेळा दुर्बलच असतो.

(ॲसेटिक आम्लाचा ४.७६ आणि अमोनियाचा ४.७५ हे आकडे इतके जवळ आहेत हा निव्वळ योगायोग आहे. पण त्यामुळे मुलं एकाचा पीकेए दुसऱ्याचा पीकेबी समजून बसतात, किंवा दोघांचं काही नातं लावतात. नातं काही नाही.)

टोकाला काय होतं तेही बघ. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र, ते पाण्यात सगळंच्या सगळं प्रोटॉन देऊन टाकतं. म्हणजे क्लोराइडला तो परत घेण्याची इच्छाच नाही. कागदावर क्लोराइड ‘संयुग्मी आम्लारी’ आहे, पण मिठाचं पाणी उदासीनच राहतं. दुसऱ्या टोकाला अमोनिया आम्ल म्हणून घे. त्याने प्रोटॉन दिला तर अमाइड आयन उरेल. पण अमोनिया पाण्यात आम्ल म्हणून वागतच नाही, इतका तो त्या कामाला नालायक आहे. म्हणून अमाइड खरा तीव्र आम्लारी. पाण्यात टाकला की पाण्याचा प्रोटॉन हिसकावून अमोनिया होतो आणि मागे हायड्रॉक्साइड सोडतो. तीव्र संयुग्मी आम्लारी हवा असेल तर त्याचं आम्ल ‘दुर्बल’ असून भागत नाही, पाण्यापेक्षाही दुर्बल लागतं.

अमोनियाचा संयुग्मी आम्लारी अमाइड आणि संयुग्मी आम्ल अमोनियम. प्रश्नपत्रिकेत ‘संयुग्मी’ नंतरचा शब्द घाईत वाचला जात नाही आणि उत्तर उलटं पडतं. ‘संयुग्मी आम्ल’ विचारलंय म्हणजे प्रोटॉन *घाल*, ‘संयुग्मी आम्लारी’ विचारलाय म्हणजे *काढ*. दिलेला पदार्थ आम्ल आहे की आम्लारी याचा विचार करत बसायची गरज नाही, काय विचारलंय तेवढं वाच.

आता मधल्या मंडळींचं. बायकार्बोनेटने प्रोटॉन द्यायचा तर पीकेए १०.३, घ्यायचा तर पीकेबी सुमारे ७.६. घेण्याचा आकडा लहान, म्हणून तो घेण्याकडे झुकतो. खाण्याच्या सोड्याचं पाणी किंचित आम्लारिधर्मी असतं. डायहायड्रोजन फॉस्फेटचं उलट: देण्याचा पीकेए ७.२, घेण्याचा पीकेबी जवळपास ११.९. तो देणारा. म्हणूनच बऱ्याच बेकिंग पावडरींमध्ये सोड्याबरोबर कॅल्शियमचा डायहायड्रोजन फॉस्फेट असतो. दोघेही कागदावर ‘मधले’, पण समोरासमोर आल्यावर एक देतो, दुसरा घेतो, कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुगतो.

वहीतल्या जोड्या डोळ्यांनी बघायच्या असतील तर स्वयंपाकघरात जा. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग तांबडा होतो, हे तू पाहिलं असशील. हळदीतलं कर्क्युमिन पिवळं असतं ते प्रोटॉनसकट. साबणाच्या अल्कलीने प्रोटॉन काढला की उरतो तो संयुग्मी आम्लारी, तांबूस. त्यावर लिंबू पिळ, प्रोटॉन परत मिळतो, डाग पुन्हा पिवळा. हळदीत चुना मिसळून कुंकू करायची जुनी रीतही याच जोडीवर चालते. दर्शक म्हणून पुस्तकात जे दिलेलं असतं ते एवढंच: दोन रंगांची एक संयुग्मी जोडी.

कोकणात आणि गोव्यात मासळीला लिंबू, कोकमाचं आगळ किंवा चिंच लावून ठेवतात. समुद्री मासळीच्या वासाला मोठा हातभार ट्रायमेथिलअमाइनचा असतो. हा अमोनियाचाच नातलग, आम्लारी, आणि सहज हवेत उडणारा, म्हणून नाकापर्यंत पोचतो. आंबटाने त्याला प्रोटॉन दिला की तो ट्रायमेथिलअमोनियम होतो, त्याचं संयुग्मी आम्ल. अंगावर भार आला की तो पाण्यातच राहतो, उडत नाही. माझी आई हे सगळं करायची आणि तिला प्रोटॉन माहीत नव्हता; मला प्रोटॉन माहीत आहे आणि माझ्या हातची आमटी अजून वास मारते.

एक जरा कठीण उदाहरण देतो, कारण ते सुटलं तर पुढे दमछाक होणार नाही. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. तुरटीच्या सूत्रात आम्लाचा असा हायड्रोजन तुला दिसणार नाही: पोटॅशियम, ॲल्युमिनियम, दोन सल्फेट आणि पाण्याचे १२ रेणू. प्रोटॉन येतो कुठून? पाण्यात ॲल्युमिनियम आयनाभोवती सहा पाण्याचे रेणू घट्ट बसतात. ॲल्युमिनियमचा अधिक तीन भार त्यांचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, आणि त्यामुळे त्यांचा प्रोटॉन सैल होतो. एक सुटला की एका पाण्याच्या जागी हायड्रॉक्साइड उरतो आणि एकूण भार तीनाचा दोन होतो. हायड्रोजन एक कमी, भार एक कमी: तोच नियम. त्या आयनाचा पीकेए साधारण ५ आहे, व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या आसपास.

कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती बोरिक पावडर मात्र नियमात बसत नाही. बोरिक आम्लात तीन हायड्रोजन आहेत, पण त्यातला एकही ते सहजी देत नाही. ते पाण्याकडून हायड्रॉक्साइड ओढून घेतं आणि प्रोटॉन सुटतो तो पाण्याचा. हा लुइसचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोडीवरून आम्ल ठरवणाऱ्या व्याख्येचा मामला आहे, तो पुढे येईल. परीक्षेत बोरिक आम्ल ‘प्रोटॉन देणारं आम्ल’ म्हणून लिहू नकोस, एवढं आता पुरे.

राज्य मंडळात हा भाग बारावीच्या आयनिक इक्विलिब्रियात येतो, एनसीईआरटीत अकरावीच्या इक्विलिब्रियममध्ये. तू ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करतोस असं म्हणालास, म्हणजे अकरावीतच पक्का करून टाक. त्यासाठी एक समीकरण सोडवायला देतो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो तापतो, फुटतो आणि विरतो. कॅल्शियम वऱ्हाडी, त्याला बाजूला बसव. उरतं ते असं:

ऑक्साइड + पाणी → हायड्रॉक्साइड + हायड्रॉक्साइड

दोन्ही कमानी काढ. उजवीकडे दोन्ही सारखेच आहेत म्हणून बरीच मुलं इथे अडतात. त्यातला एक हायड्रॉक्साइड ऑक्साइडने प्रोटॉन घेऊन झालेला आहे, म्हणजे ऑक्साइडचं संयुग्मी आम्ल. दुसरा पाण्याने प्रोटॉन देऊन उरलेला, म्हणजे पाण्याचा संयुग्मी आम्लारी. चुन्याच्या निवळीत गेल्यावर दोघांतला कोण कुठला हे कुणालाच सांगता येत नाही, पण कमानी दोन वेगळ्याच काढायच्या.